आईचं मोबाइल होम विकायचंय, किंमत कशी ठरवायची? (सॅन होजे)

ओसरी
नमस्कार. पुष्कळ दिवसांनी धागा काढतेय. आईबाबांनी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला, ५५ वर्षांवरच्या लोकांच्या पार्कमध्ये डबलवाइड मोबाइल होम घेतलं होतं, ६२ हजार डॉलरला. आम्ही फ्रीमाँटला. जवळ राहायचं, पण दार आपलं हवं, असं बाबांचं म्हणणं होतं. बाबा २०२१ मध्ये गेले. यंदा जानेवारीत आई पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आता आमच्याकडेच राहायचं असं तिनेच ठरवलं. घर रिकामं आहे, जागेचं भाडं मात्र चालूच, महिना ११८० डॉलर.

मागच्या आठवड्यात पार्कच्या ऑफिसातून फोन आला. "घर फार जुनं आहे, ९५ हजार रोख देतो, दहा दिवसांत मोकळे व्हाल." विक्री आमच्यामार्फतच करावी लागते असंही वर सांगितलं. आई म्हणतेय, देऊन टाक, मला कटकट नको. माझं मन होत नाही. घराचं वर्ष आम्हाला वाटतं १९७५, माप २४ बाय ६०. पत्ता टाकून पाहिलं तर एक साइट काहीच दाखवत नाही आणि दुसरी २ लाख ८० हजार दाखवते. यातलं खरं काय मानायचं? कुणी विकलंय का असं घर?

अबोली
काकूंची तब्येत कशी आहे आता? तेवढं आधी सांग. बाकी मला यातलं काही कळत नाही, पण दहा दिवसांची घाई दुसऱ्यानेच केली की सही करू नये, इतकं कळतं.

मोरपंखी
पुण्यातून वाचतेय. मोबाइल होम म्हणजे चाकावरचं ना, गाडीला जोडून नेतात ते? मग विकायचं म्हणजे ओढून न्यायचं का?

सह्यकडा
मोरपंखी, ते ट्रेलर वेगळे. हे घर कारखान्यात लोखंडी चौकटीवर बांधतात आणि रस्त्याने आणून पार्कमध्ये ठोकळ्यांवर बसवतात. डबलवाइड म्हणजे दोन अर्धी घरं आणून मधोमध जोडायची. एकदा बसलं की बहुतेक घरं तिथून हलत नाहीत, कारण हलवायचा खर्च हजारो डॉलर आणि जुनं घर घ्यायला दुसरं पार्क तयार नसतं. घर आपलं, जमीन पार्कची.

ओसरी, माझं मत वेगळं आहे. हे घर गाडीसारखं असतं, दर वर्षी किंमत उतरते. पन्नास वर्षांच्या घराला ९५ हजार कुणी देत असेल तर वाईट नाही. घर रिकामं ठेवून महिना ११८० भरताय, सहा महिन्यांत सात हजारांवर जातील.

गिरगावकर
घर आपलं, जमीन दुसऱ्याची, दर महिन्याला भाडं, आणि विकताना मालकाची मंजुरी. अहो, ही तर पागडी! आमच्या चाळीत खोलीची किंमत भिंतींवर कधी ठरली नाही. भाडं किती, मालक कसा आणि जागा कुठे, यावर ठरायची. चुना उडालेल्या दहा बाय दहाच्या खोलीला लोक लाखो मोजायचे ते काय त्या चुन्यासाठी?

ओसरी
गिरगावकर, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती लग्नानंतर अकरा वर्षं ठाकूरद्वारला पागडीच्याच खोलीत होती. एकदम उठून बसली. म्हणाली, "मग मालकाला कशाला विकायची? मालक सगळ्यात कमी देतो." आता तीच म्हणतेय, नीट चौकशी कर.

अबोली, वॉकर घेऊन चालतेय. थँक यू गं.

रेवातीर
आम्ही २०१९ मध्ये सासऱ्यांचं विकलं, सनीव्हेलला. जे शिकलो ते लिहिते, लांबेल.

सह्यकडा, गाडीची उपमा मला पटत नाही. भाड्याच्या जमिनीवरचं घर एखाद्या गावाबाहेरच्या पार्कात असेल तर किंमत उतरते, हे खरं. पण बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या परिसरात, त्याच घराला किंमत असते ती जागेमुळे. तिथे नेहमीचं घर दहा लाखांच्या पुढे, त्यामुळे पेन्शनवरच्या माणसाला हाच एक पर्याय उरतो. ओसरीच्या आईबाबांनी २००९ ला घेतलं तेव्हा सगळाच बाजार बसलेला होता, म्हणून ६२.

आता सगळ्यात आधी काय करायचं ते. ओसरी, घराचं वर्ष नक्की करा. "वाटतं १९७५" चालणार नाही. १५ जून १९७६ पासून अमेरिकेत अशा घरांना केंद्राचा बांधकाम नियम लागू झाला, हड कोड म्हणतात. त्याआधीचं ते मोबाइल होम आणि नंतरचं मॅन्युफॅक्चर्ड होम. बोलताना सगळे मोबाइल होमच म्हणतात, पण कर्ज देणारे ही तारीख पाहतात. आधीच्या घराला बहुतेक जण कर्ज देत नाहीत, म्हणजे गिऱ्हाईक फक्त रोखीवालं. आणि रोखीवाला किती दाबतो ते तुम्ही ऐकलंतच.

घराच्या बाहेर, मागच्या टोकाला, पत्र्यावर रिव्हेटने ठोकलेली लाल धातूची पट्टी शोधा. साधारण चार इंच बाय दोन इंच. डबलवाइडला दोन असतात, प्रत्येक अर्ध्याला एक. शिवाय आत एक छापील कागद चिकटवलेला असतो, स्वयंपाकघराच्या कपाटात, विजेच्या पॅनेलपाशी किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये. त्यावर कारखाना, तारीख, सीरियल नंबर सगळं असतं.

ओसरी
पट्टी लावलेली आहे, पण ती लाल नाही. त्यावर तीन अक्षरं आणि चार आकडे आहेत.

रेवातीर
ते कॅलिफोर्नियाचं डिकल, नोंदणीचं. आपल्याकडे या घरांची नोंद एचसीडी या राज्याच्या गृहखात्याकडे असते. तो नंबर लिहून ठेवा, लागेलच. पण लाल पट्टी वेगळी.

टॅम्पाकर
आमच्या फ्लोरिडात नोंद गाड्यांच्या खात्याकडे, आणि डबलवाइडची टायटलं, म्हणजे मालकीचे कागद, दोन, अर्ध्या-अर्ध्याची वेगळी! मेहुण्याने विकताना एकच कागद सापडला. दुसऱ्या अर्ध्या घराचा मालक कोण, हे सिद्ध करण्यात दोन महिने गेले. स्वयंपाकघर त्याचं होतं, बेडरूमचा पत्ता नव्हता.

इथे अजून एक तारीख बघतात. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अशी घरं अक्षरशः उडाली, त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याचे नियम कडक झाले. त्यामुळे घर १९९४ च्या आधीचं की नंतरचं, हा प्रश्न गिऱ्हाईक दारातच विचारतं. तुमच्याकडे वादळं नाहीत, पण भूकंपाचे टेकू आहेत का खाली, ते विचारतील.

रंधा
पंधरा वर्षं हीच घरं दुरुस्त करतोय, सेंट्रल व्हॅलीत. किंमत सांगायला माणूस येण्याआधी स्वतः एकदा चपला काढून घरभर चाला. खरंच. मोज्यांनी चाललं की घरातली जमीन कुठे दबते ते तळव्याला कळतं. जुन्या घरांत खाली भुशाचा दाबलेला बोर्ड असतो, पाणी लागलं की तो बिस्किटासारखा फुगतो आणि मऊ पडतो. न्हाणीघरातला टबचा काठ, वॉटर हीटरचं कपाट, वॉशिंग मशीनची जागा, आणि खिडक्यांखाली. एक मऊ जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, अख्खी जमीन गेली, आणि दहा हजार कापतं. दुरुस्ती मात्र दोनअडीच हजारांत होते.

मग दारं. दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल, किंवा वरच्या कोपऱ्यात घासत असेल तर घर एका बाजूला बसलंय. लेव्हल करून घ्या, ते फार महाग नाही. दोन अर्ध्यांचा सांधा जिथे येतो तिथे छताला लांब चीर किंवा पिवळा डाग आहे का बघा. सिंकखाली राखाडी प्लास्टिकचा पाइप दिसला तर तो पॉलिब्युटिलीन असू शकतो, १९७८ ते १९९५ च्या काळात सर्रास घातला आणि सांध्यांना फुटतो. घर त्याआधीचं असलं तरी मधे कुणी बदलून तोच घातला असेल.

नवं किचन अजिबात करू नका. वीस हजार घालाल आणि आठ परत येतील. छत, जमीन, लेव्हल, पाणी. बाकी पुसून स्वच्छ.

आणि टेपने मोजा. काही कागदांत लांबी पुढच्या ओढायच्या हुकासकट धरलेली असते. ६० फूट म्हणता ते ५६ निघेल.

निळावंती
रंधा, हे मोज्यांचं भारी आहे. पण किचनबद्दल असहमत. आम्ही मिलपिटासला कपाटं रंगवून, नवा काउंटर टाकून तीन हजारांत काम केलं आणि पहिल्याच रविवारी गिऱ्हाईक लागलं.

रंधा
तीन हजारांत रंग आणि काउंटर म्हणजे साफसफाईच म्हणतो मी. त्याला ना नाही.

हिशेबनीस
आता आकड्यांचं. पुस्तकी किंमत असते, जे. डी. पॉवरचा मॅन्युफॅक्चर्ड घरांचा अहवाल पैसे भरून मिळतो, पूर्वी नाडा गाइड म्हणायचे. बनावट, वर्ष, माप, स्थिती टाकली की आकडा येतो. हा आपल्या रेडी रेकनरसारखा धरा. बँकेला उपयोगी, पण सौदा त्यावर होत नाही. तुमच्या घराला तो आकडा पाहून घाबरू नका, कारण तो मुख्यतः लाकूड-पत्र्याची किंमत सांगतो. आणि तो २ लाख ८० वाला आकडा जमिनीसकट असलेल्या घरांशी तुलना करून आला असेल, तोही सोडा.

खरी किंमत दोन गोष्टींतून निघते. पहिली, त्याच पार्कात गेल्या वर्षभरात काय कितीला गेलं. हे साध्या घरांसारखं काउंटीच्या दस्तांत सापडत नाही, म्हणून या पार्कांत काम करणाऱ्या दोन एजंटांना विचारा आणि शेजाऱ्यांना विचारा.

दुसरी, आणि माझ्या मते मुख्य, जागेचं भाडं. गिऱ्हाईक महिन्याला एकूण किती देऊ शकतो हे ठरलेलं असतं. त्यातून भाडं गेलं की उरेल तो कर्जाचा हप्ता. या घरांचं कर्ज महाग असतं. १०% व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्त्यातल्या प्रत्येक १०० डॉलरमागे सुमारे १०,३६० डॉलर कर्ज मिळतं. म्हणजे शेजारच्या पार्कात भाडं तुमच्यापेक्षा ३०० ने जास्त असेल, तर अगदी तसंच घर तिथे ३० हजारांनी कमी जाईल. तुमचं ११८० हे घराइतकंच विकाऊ आहे. पण नव्या माणसाला तेच भाडं राहणार का, हे पार्ककडून लेखी घ्या. ते न घेता किंमत सांगायचीच नाही.

सॅन होजेत शहराचा भाडे-नियम आहे. वर्षाची वाढ महागाईच्या ७५%, पण किमान ३ आणि कमाल ७ टक्के. गिऱ्हाईकाला हे सांगा, पुढच्या दहा वर्षांची धास्ती कमी होते.

गिरगावकर
बघा, म्हटलं ना. पागडी. फक्त एक फरक चांगला आहे. आमच्याकडे खोली दुसऱ्याच्या नावावर करताना मालक साधारण तिसरा हिस्सा घ्यायचा. १९९९ च्या भाडे कायद्याने त्याला अधिकृत केलं. तिथे मालकाला विक्रीत वाटा नाही ना?

रेवातीर
नाही. आणि ओसरी, "आमच्यामार्फतच विका" हेही चूक आहे. कॅलिफोर्नियाच्या मोबाइल होम रहिवासी कायद्याप्रमाणे पार्क तुम्हाला त्यांना एजंट करायची सक्ती करू शकत नाही. त्यांना गिऱ्हाईकाची मंजुरी द्यायचा हक्क आहे, त्याचं उत्पन्न, पार्कचे नियम पाळेल का वगैरे पाहून. पण सगळे कागद मिळाल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत हो किंवा नाही कळवावं लागतं. हे मी कुठेतरी वाचून नाही सांगत, आमच्या वेळी मी तो कागद ऑफिसच्या काउंटरवर ठेवला होता.

सह्यकडा
माझं गाडीचं बोलणं मागे घेतो. भाड्याच्या हिशेबाचा विचार मी केलाच नव्हता. टेक्ससमध्ये आमच्या आसपासच्या पार्कांत नव्या माणसाला भाडं थेट वाढवतात, त्यावरून मी बोललो.

ओसरी
शनिवारी नवऱ्याला आणि मुलाला घेऊन गेले. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून नेले होते.

पट्टी सापडली! मागच्या टोकाला बाबांनी चमेलीचा वेल चढवला होता, त्याच्या मागे. मुलाने फांद्या बाजूला धरल्या, मी ओल्या फडक्याने पुसलं. लाल रंग विटून विटकरी झालाय पण अक्षरं उठावाची आहेत, बोटाने वाचता येतात. दुसरी शेडच्या मागे. आतला कागद आईच्या क्लॉझेटमध्ये, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीमागे. तारीख मार्च १९७७. दोन वर्षं आम्ही उगाच म्हातारं करत होतो घराला.

माप ५६ फूटच निघालं, रंधा. मोज्यांनी चालले. टबपाशी एक जागा दबते, बाकी ठीक. पाइप तांब्याचे आहेत. हॉलचं दार आपोआप मिटतं. आम्हाला वाटायचं वारा. बाबा त्याला "शिस्तीचं दार" म्हणायचे.

टायटलवर अजून बाबांचं नाव आहे. आता?

हिशेबनीस
मार्च १९७७, फारच छान बातमी. गिऱ्हाईकाला कर्जाचं दार उघडलं.

टायटलवर दोन नावं कशी जोडली आहेत ते पाहा. हयात राहील त्याच्याकडे हक्क, अशी नोंद असेल तर मृत्यूचा दाखला आणि एचसीडीचा फॉर्म, फार त्रास नाही. दोन नावांमध्ये "आणि" असेल तर काम जास्त, वकिलाला विचारा. हे आत्ताच करा, गिऱ्हाईक आल्यावर नको. एचसीडीकडून टायटल सर्चही मागवा. थकलेली फी, जुन्या कर्जाचा बोजा, सगळं त्यात दिसतं.

घर १ जुलै १९८० च्या आधी नवं विकलं गेलंय, म्हणून बहुधा तुम्ही वर्षाची फी एचसीडीला भरत असाल, काउंटीचा कर नाही. काउंटीचा असेल तर टॅक्स क्लिअरन्स सर्टिफिकेट लागतं. धूर सांगणारे अलार्म आणि वॉटर हीटरला पट्टे, याचा फॉर्मही विक्रीत लागतो.

इन्कम टॅक्सची काळजी नको. आईचं राहतं घर होतं, गेल्या पाच वर्षांत दोनहून जास्त वर्षं ती तिथे राहिली. मोबाइल होमलाही राहत्या घराचीच सूट आहे, एकट्या माणसाला अडीच लाखांपर्यंतचा नफा माफ. तरी बाबा गेले त्या वेळची किंमत काय होती याचा कागद सीपीएला, म्हणजे कर पाहणाऱ्या हिशेबनिसाला, दाखवा.

अबोली
शिस्तीचं दार 🙂 डोळ्यांत पाणी आलं गं.

मोरपंखी
अवांतर: पत्र्याच्या छतावर पाऊस कसा वाजतो तिथे?

ओसरी
अगदी कोकणातल्यासारखा. पण तिथे वर्षातून थोडेच दिवस. बाबा खुर्ची घेऊन बसायचे ऐकत.

---

ओसरी
अडीच महिन्यांनी धागा वर काढतेय. घर विकलं गेलं. कसं ते सांगते, कारण इथे तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

दोन एजंट बोलावले. एक म्हणाला २ लाख २५, दुसरी म्हणाली १ लाख ८०. जास्त आकडा सांगणाऱ्याला मी विचारलं, याच पार्कात एवढ्याला गेलेलं एक घर दाखवा. त्याने शेजारच्या शहरातली तीन दाखवली. दुसरीने याच पार्कातली वर्षभरातली तीन काढली. एक आमच्याच मापाचं, आतली जमीन नवी केलेलं, भाडं ११५०, गेलं १ लाख ८५ ला. एक तसंच पण छत गळकं, १ लाख ५८. तिसरं कोपऱ्यावरचं, मोठं, २ लाख १०. आमचं पहिल्या दोनांच्या मधे बसत होतं. तिच्याशीच ठरवलं. पुस्तकी अहवालही काढला, त्यात आकडा ६० हजारांच्या आत होता. आधी तो पाहिला असता तर मी ९५ ला सही केली असती. खरंच.

खर्च: टबपाशी जमीन २१००, लेव्हल करणं १४००, रंग आणि सफाई आम्ही घरच्यांनी. भाड्याचं पत्र पार्ककडून मागितलं तर आधी टाळाटाळ. ईमेलने लेखी मागितलं, चार दिवसांत आलं. भाडं तेच राहणार.

१ लाख ८२ ला लावलं. तीन लोकांनी पाहिलं. घेतलं एका निवृत्त नर्सबाईंनी, १ लाख ७६ ला, कर्ज काढून. म्हणजे ती मार्च १९७७ ची पट्टी नसती तर त्या आल्याच नसत्या. पार्कची मंजुरी बाराव्या दिवशी मिळाली. एस्क्रो (सौद्याचे पैसे मधे सांभाळणाऱ्या तिऱ्हाईताची फी), एजंटचं कमिशन, रिकाम्या महिन्यांचं भाडं, दुरुस्ती सगळं जाऊन आईच्या हातात १ लाख ५६ हजारांवर आले.

रेवातीर
किती बरं वाटलं वाचून! काकूंना नमस्कार सांगा.

सह्यकडा
९५ आणि १५६. मी दिलेला सल्ला ऐकला नाहीत त्याबद्दल आभार.

रंधा
दार?

ओसरी
लेव्हल केल्यावर जागच्या जागी उभं राहतं. आई शेवटचं बघायला आली तेव्हा तिने दोनदा उघडून सोडलं आणि वाट पाहत उभी राहिली.

केवडा
हा धागा शोधताना सापडला. माझ्या काकांचं सॅक्रामेंटोला सिंगलवाइड आहे, वर्ष माहीत नाही, एकाने ३० हजार सांगितलेत. काय करू?

ओसरी
केवडा, आधी घराच्या मागच्या टोकाला जा आणि लाल पट्टी शोधा. वेल असेल तर फांद्या धरायला कुणाला तरी न्या. पट्टीचा आणि आतल्या कागदाचा फोटो मला व्यनि करा, नंबर इथे उघड टाकू नका. आणि भाडं किती आहे ते सांगा.